ख्रू बुआलोय यांची बोलकी साबाय

ख्रू बुआलोय यांनी तो धागा उकळला आणि तिथूनच सगळं बिनसायला सुरुवात झाली.

आता, उकळू नये तर काय करावं? नवं सूत राखेच्या पाण्यात उकळल्याशिवाय मागावर चढवायचं नाही, हे ख्रूंना त्यांच्या आईने सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईने. छत्तीस वर्षं गावच्या शाळेत ख्रू, म्हणजे शिक्षिका, म्हणून "नियम म्हणजे नियम" असं फळ्यावर लिहिणाऱ्या बाईने उतारवयात स्वतःच नियम मोडायचा? तेव्हा त्यांनी केळीच्या खोडाची राख पाण्यात मुरवली, पाणी निवळून घेतलं, मंद जाळावर मडकं ठेवलं आणि आचान ओरथायने पाठवलेलं ते चकचकीत रीळ त्यात अलगद सोडलं. तासाभराने धागा बाहेर आला तो पावसाळी आभाळाच्या रंगाचा.

ओरथाय ही त्यांची एके काळची तिसरीतली विद्यार्थिनी. आता विद्यापीठात शिकवते, म्हणून सगळं गाव तिला आचान म्हणतं. दुपारी ती गाडी घेऊन आली, मागाजवळ वाळत टाकलेला धागा पाहिला आणि पायरीवरच बसली.

"ख्रू, याच्यावर चांदीचा मुलामा होता."

"होता ना. मला तो मळ वाटला."

"त्या चांदीतून वीज वाहते ख्रू. ती तुमच्या छातीचे ठोके मोजणार होती!"

"मग तसं चिठ्ठीत लिहायचं, बाळा. तू तिसरीतही अर्धंच उत्तर लिहायचीस."

 परदेशातली पदवी असली तरी तिसरीतल्या बाईंपुढे ती कामाला येत नाही.

पण ते रीळ वाया जाणं ख्रूंना परवडणारं नव्हतं. एप्रिलमध्ये त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि शेजारची खामफान गवती चहाची पात मागायला येईपर्यंत दोन तास तशाच पडून राहिल्या. मोडलं काही नाही. पण बँकॉकला मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या त्यांच्या लेकीने, पुईने, त्या दिवशी फोनवर निकालच देऊन टाकला.

"आई, पुरे झालं एकटीनं राहणं. माझ्याकडे चल."

पुईचं घर चौदाव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये माग मावत नाही, हे ख्रूंनी मागच्या भेटीत वितीने मोजून पाहिलं होतं. मागाचंही एक वेळ सोडा. पण गेली एकेचाळीस वर्षं ख्रू रोज पहाटे फाटकाशी गुडघे टेकून भिक्षूंच्या पात्रात चिकट भात घालत आल्या होत्या. एक दिवस चुकला नव्हता. ताप असो, पूर असो. चौदाव्या मजल्यावरून पात्रात भात घालायचा तर टोपली दोरीने खाली सोडावी लागली असती, आणि खालचा पहारेकरी ती आपल्यासाठीच आली असं समजला असता.

ओरथायच्या मध्यस्थीने माय-लेकींचा करार झाला होता. ख्रूंनी स्वतःच्या हाताने अशी साबाय विणायची जी त्यांची राखण करील. साबाय म्हणजे विहारात जाताना बायका डाव्या खांद्यावरून घेतात ते पांढरं वस्त्र. तिच्यातला चांदीचा धागा ठोके मोजणार, आणि खांद्यावर शिवलेली नाण्याएवढी चकती बाई पडली की ओळखणार. ठोके भलतेच वाढले, किंवा बाई धाडकन खाली गेली, की तीन फोन वाजणार: एक पुईचा, एक खामफानचा, एक गावप्रमुखाचा. आषाढी पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत परीक्षा.

"तीनदा उगीच वाजली तर कापड परत आणि तू इकडे," पुई म्हणाली. "आणि आई, एकदा जरी खरंच पडलीस, तर कापड कितीही गुणाचं असो, तू इकडे. मान्य?"

"मान्य," ख्रू म्हणाल्या. 

दुसरं रीळ आलं. ते ख्रूंनी उकळलं नाही, पण न उकळता मागावर चढवताना धागा आंघोळीशिवाय विहारात चालल्यासारखं त्यांना सारखं वाटत राहिलं. त्यातून उपोसथाच्या, म्हणजे शील पाळायच्या, दिवशी विणायचं नाही, म्हणून कामाला खंड. मग शेजारणींचे सल्ले. ओरथायचा मूळ विचार असा होता की चकती नेसूच्या सिनच्या, म्हणजे लुंगीसारख्या वस्त्राच्या, कमरपट्टीत बसवावी, कारण सिन तर बाई दिवसभर नेसते. हे ऐकून गावप्रमुख लुङ थावी, म्हणजे थावीकाका, ताडकन उठले. त्यांच्या गळ्यात सात ताईत, सातांत सात बुद्ध.

"बाईच्या सिनमधून निघालेला निरोप माझ्या छातीवरच्या खिशात? ताइतांच्या शेजारी? सगळी शक्ती निघून जाईल त्यांची!"

"लुङ, निरोप हवेतून येतो," ओरथाय समजावू लागली.

"हवेतून येतो म्हणजे डोक्यावरूनच येतो की! वाळत टाकलेल्या सिनखालून मी आजवर गेलो नाही, आता सिन माझ्या डोक्यावरून जाणार?"

"ताइतांची एवढी काळजी असेल तर फोन पायातल्या मोज्यात ठेव," खामफान म्हणाली. पण शेवटी चकती खांद्यावर, साबायमध्येच बसली. साबाय डोक्यावरून गेली तरी कोणाची हरकत नव्हती.

खामफान गावची आरोग्यसेविका; ख्रूंना ती 'पी', म्हणजे ताई, म्हणायची. पगार नाही, पण अंगात जांभळा सदरा आणि हातात रक्तदाब मोजायचं यंत्र. त्या जोरावर ती कोणाच्याही घरात जेवणाच्या वेळी शिरते. तिनेच सांगितलं की ही साबाय सरकारदरबारी नोंदवायला हवी, नाहीतर मदतीची गाडी येणार नाही. म्हणून ख्रू सायकल मारत चार किलोमीटरवरच्या कार्यालयात गेल्या. पहिल्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, हे कापड आहे, हस्तकलेच्या खिडकीवर जा. हस्तकलेच्या बाईने साबाय हातात घेतली, कडेच्या नागाच्या नक्षीची तारीफ केली, आणि चकती पाहून म्हणाली, हे यंत्र आहे, आरोग्याच्या खिडकीवर जा. आरोग्याच्या खिडकीवर पुन्हा पहिलाच कारकून येऊन बसला होता. त्याच्याकडे दोन्ही खिडक्या होत्या.

"नोंदवतो, ख्रू," तो म्हणाला. तोही त्यांचाच विद्यार्थी निघाला. "पण संगणकात अशी राखण फक्त अंथरुणाला खिळलेल्या रुग्णालाच देता येते. तेवढं घालू का?"

"मी सायकलवर आलेय."

"ते संगणकाला दिसत नाही, ख्रू."

अशा रीतीने ख्रू बुआलोय सरकारी दप्तरी अंथरुणाला खिळल्या आणि सायकलवर बसून घरी आल्या. आपण खोटं बोललो का, की खोटं बोलणाऱ्याला नुसतं थांबवलं नाही, हा विचार त्यांना वाटभर टोचत राहिला.

आषाढी पौर्णिमेची पहाट. ख्रूंनी अंघोळ केली, साबाय घेतली, बुद्धासमोर उदबत्ती लावली आणि रोजच्याप्रमाणे कपाळ जमिनीला टेकवून तीन नमस्कार घातले. बुद्धाला एक, धम्माला एक, संघाला एक.

ओरथायने त्या चकतीला जिन्यावरून पडणं शिकवलं होतं, खुर्चीवरून पडणं शिकवलं होतं, न्हाणीघरातलं पडणं तर स्वतः सतरंजीवर आपटून आपटून शिकवलं होतं. पण या देशातली म्हातारी माणसं दिवसातून दोनदा आपण होऊन तीन-तीनदा खाली जातात, हे शिकवायचं राहून गेलं. दर उपोसथाला तीही नमस्कार घालते; तिलाही सुचलं नाही. श्वास घेतो हे कोण लक्षात ठेवतं?

धम्माचा नमस्कार घालून ख्रू वर आल्या तेव्हाच लुङ थावींच्या घरावरचे ध्वनिक्षेपकाचे चार भोंगे त्यांच्या आवाजात गावभर गरजले. "ऐका हो! ख्रू बुआलोय पडल्या! पुन्हा पडल्या!" आणि संघाचा नमस्कार होताच, "तिसऱ्यांदा पडल्या! कुणीतरी धरा त्यांना!"

मदतीची गाडी आली ती प्राणवायूची नळकांडी आणि स्ट्रेचर घेऊन, कारण कागदावर बाई अंथरुणाला खिळलेली. बाई तेव्हा फाटकाशी गुडघे टेकून भात घालत होत्या. गाडीवाल्यांनी रीतसर विचारलं, "रुग्ण कुठाय?" ख्रूंनी भाताची टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मीच. जरा थांबा, दोन भिक्षू राहिलेत."

फोनवर पुई रडत होती. रडणं थांबल्यावर चिडली. "तीनदा वाजली! तीन चुका झाल्या!"

"नमस्कार तीन असले तरी वंदना एकच असते, बाळा."

बऱ्याच वादानंतर ती एक चूक धरली गेली.

दुसरी चूक दुसऱ्याच दिवशी. ख्रूंनी अंघोळीसाठी साबाय काढून खुंटीला लावली. खुंटीला कुठले ठोके? साबायने ओळखलं की बाईंचं हृदय थांबलं. खामफानने न्हाणीघराचं दार खांद्याने उघडलं, तिच्यामागे लुङ थावी, ते बिचारे डोळे मिटून, पण हातात दोरखंड घेऊन.

"पी! जिवंत आहेस ना?"

"होते," ख्रू तपेल्यामागून म्हणाल्या.

दोन झाल्या. उरले अठ्ठावीस दिवस आणि उरली एकच चूक.

ओरथायने चकतीत एक कळ बसवून दिली. साबायला संशय आला की ती आधी खांद्यावर थरथरणार. दहा आकडे मोजायच्या आत कळ दाबली तर 'मी ठीक आहे' असा अर्थ होऊन गप्प बसणार. म्हणजे आता नमस्कार, कळ, नमस्कार, कळ, नमस्कार, कळ. एका कळीला उशीर, की बँकॉक. एकेचाळीस वर्षं ज्या वंदनेत ख्रूंचं मन तळ्यासारखं निवळायचं, तिच्यात आता त्या आकडे मोजत होत्या. कपाळ जमिनीवर आणि चित्त खांद्यावर.

विहारात तर शोभाच झाली. पुढच्या रांगेत बसणाऱ्या, गावाने आदर्श मानलेल्या ख्रू बुआलोय प्रत्येक नमस्कारानंतर खांद्यावर चापट मारू लागल्या. मागच्या बायकांत कुजबूज सुरू झाली. तिसऱ्या उपोसथाला विहाराच्या वृद्ध प्रमुखांनी, लुआङ पो यांनी, प्रवचन थांबवून हळूच म्हटलं, "उपासिके, डास चावला तर चावू द्यावा. त्यालाही संसार आहे."

डास मारल्याचा आळ! तोही विहारात, उपोसथाच्या दिवशी, शील घेतल्यावर! ज्या बाई अंगणात मुंग्यांची रांग दिसली की वळसा घालून जातात, त्यांच्यावर. ख्रूंचे कान तापले. ठोके वाढले. साबाय थरथरली. आणि ख्रूंना, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, आणखी एक डास मारावा लागला.

असे दिवस गेले. ख्रूंचं वजन दोन किलोंनी उतरलं. खामफान रोज येऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर फुली मारायची. "पी, अजून नऊ. जास्त हसू नकोस, ठोके वाढतात." "पी, अजून चार. आज मिरची कमी खा." शेवटची पौर्णिमा उजाडली तेव्हा उशिरा दाबलेली एकही कळ नव्हती. पुई सकाळच्या बसने येणार होती.

त्या पहाटे भिक्षूंना भात घालून ख्रू परत फिरल्या. नुकत्याच धुतलेल्या पायरीवर पाय पडला, निसटला, आणि त्या बुडावर आपटल्या. कंबरेतून कळ थेट मस्तकात गेली. अंगणात एक कोंबडी होती. तिने मान वाकडी करून पाहिलं आणि पुन्हा दाणे टिपू लागली.

साबाय थरथरली.

ख्रूंचा हात आपोआप वर गेला आणि त्याने कळ दाबली. महिनाभराची सवय. विचार करायला वेळच मिळाला नाही. साबाय गप्प झाली. 'मी ठीक आहे.'

त्या हळूहळू उठल्या. हाडं शाबूत होती. फक्त कंबर आणि उजवा कोपर. सिनवरची माती झटकली. कोणी पाहिलं नव्हतं. कोणालाही कळणार नव्हतं. तासाभराने पुई आली, दिनदर्शिकेवरच्या सगळ्या फुल्या पाहिल्या आणि आईला मिठी मारून म्हणाली, "जिंकलीस बाई तू! मी हरले."

ख्रू हसल्या. कोपर मिठीत दुखावला. "लंगडतेस का गं?" पुईने विचारलं. तेवढ्यात खामफानने हाक मारली, "चला, उशीर होतोय," आणि उत्तर द्यायचं राहिलं. की राहू दिलं? ख्रूंना ठरवता येईना.

विहारात सगळं गाव जमलं होतं. ओरथाय मुद्दाम आली होती, लुङ थावी सात ताईत घासूनपुसून आले होते. उपोसथाचं अष्टशील सुरू झालं. लुआङ पो एकेक शील उच्चारायचे आणि मागून सगळे म्हणायचे. जीव घेणार नाही. न दिलेलं घेणार नाही. ब्रह्मचर्याने राहीन. ख्रूंचा आवाज नेहमीसारखा मऊ पण स्पष्ट.

मग चौथं. "मुसावादा वेरमणी..."

खोटं बोलणार नाही. ख्रूंचे ओठ उघडले आणि आवाजच फुटेना. आजवर हे शब्द त्यांनी किती हजार वेळा म्हटले असतील! आता त्यांना चौदावा मजला दिसत होता, रिकामं फाटक दिसत होतं, दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात जाणारा त्यांचा माग दिसत होता. छातीत घण पडू लागले.

साबाय थरथरली.

एक. दोन. तीन. पुईने ते पाहिलं. चार. "आई, दाब," ती कुजबुजली. पाच. सहा. "आई, कळ दाब ना! शेवटचा दिवस आहे, तिसरी चूक होईल!" सात. खामफान मागून सरकत आली आणि तिने स्वतःच हात पुढे केला. ख्रूंनी तो धरला, हळुवारपणे, आणि खाली ठेवला. आठ. नऊ.

दहा.

भर विहारात तीन फोन कोकलले. लुङ थावींच्या खिशातला तर त्यांच्या आवडत्या कोंबड्याच्या आवाजात आरवला. सगळ्यांच्या माना वळल्या. ख्रू ताठ बसल्या होत्या, हात जोडलेले.

"मी ठीक नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी पायरीवरून पडले. आणि कळ दाबली."

 मग सगळेच एकदम बोलले.

"म्हणजे आता वाजली ती चूक की बरोबर?" लुङ थावींनी फोन गप्प करता करता विचारलं. "बाई तर बसलेली आहे!"

"बरोबर," ओरथाय म्हणाली. "ख्रू पडल्या तेव्हा वाजायला हवी होती ती आत्ता वाजली."

"दोन तास उशिरा? मदतीच्या गाडीसारखी?" खामफान म्हणाली, आणि मग तिला रडूच आलं. "अगं पी, मला तरी सांगायचंस!"

"तुला सांगितलं असतं तर पुईला सांगावं लागलं नसतं," ख्रू म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "करार करार असतो, पुई. उद्या येते मी. माग खामफानला देते."

पुईने आईचा उजवा हात घेतला, बाही वर केली. कोपर जांभळा झाला होता. 

"आई," ती म्हणाली, "मी सकाळी सातला घर सोडते आणि रात्री आठला येते. तिथे तू पडलीस तर माझा एकच फोन वाजेल. मी खिडकीवर असेन, सत्तर माणसं रांगेत असतील." तिने मागे पाहिलं. सगळं गाव वंदना अर्धी टाकून त्यांच्याभोवती गोळा झालं होतं. एकीने तोवर बामही काढला होता. "इथे तू बसल्या जागी नुसती घाबरलीस, तर चाळीस माणसं उठली."

ख्रूंनी बाही खाली ओढली.

"राहा इथेच. पण साबाय काढायची नाही."

"नाही काढणार. पण कळही दाबणार नाही," ख्रू म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊच होता, पण तिसरीच्या वर्गाला तो आवाज ठाऊक होता. ओरथाय आपोआप ताठ बसली. "नमस्कार घालताना मला दुसरं काही करायचं नाही."

"मग रोज सकाळी तीनदा आणि संध्याकाळी तीनदा आम्ही धावायचं?" लुङ थावी कळवळले. "ख्रू, माझे गुडघे!"

"वंदनेच्या वेळी वाजली तर नका धावू," पुई म्हणाली. "वाजली नाही तर धावा."

लुआङ पो इतका वेळ डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, "पुढचं शील घ्यायचं का? ऊन चढतंय."

तेव्हापासून त्या गावात पहाटे तीन फोन तीनदा वाजतात. लुङ थावी कूस बदलतात. खामफान चूल पेटवते. आणि बँकॉकला चौदाव्या मजल्यावर पुई उशाशी ठेवलेला फोन डोळे न उघडता ऐकते, बुद्ध, धम्म, संघ, आणि मग उठते.

एकदाच, भिक्षूंचा पावसाळी वर्षावास संपायला आठवडा असताना, फोन दोनदा वाजले आणि थांबले.

पुई उठून बसली. तिसरा नाही. तिने खामफानला फोन लावला. खामफान धावतच होती. भोंगे गरजले, लुङ थावी एका पायात चप्पल घालून निघाले, मदतीची गाडी स्ट्रेचर घेऊन वळणावर दिसू लागली, आणि सगळे मिळून ख्रूंच्या दारातून आत घुसले.

ख्रू बुआलोय बुद्धासमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या, हात जोडून, शांत. त्यांनी मागे न बघताच एक बोट ओठांवर ठेवलं आणि मग तेच बोट समोरच्या जमिनीकडे दाखवलं. जिथे त्यांचं कपाळ टेकायचं, नेमकं तिथून मुंग्यांची एक लांबलचक रांग चालली होती, अंडी घेऊन, सावकाश.

"बसा," ख्रू हळूच म्हणाल्या. "थोड्याच राहिल्यात."